साळवेसाहेब आणि रविवारची खरखर

शिंक आली की साळवेसाहेब जागचे हलत नसत. शिंकत सगळ्यांसारखंच, पण शिंकून झाल्यावर रुमाल काढण्याऐवजी हात वर करत आणि खोलीतल्या माणसांना सांगत, "कोणी काही हलवू नका." मग डोळे बारीक करून चहूकडे बघत. उदबत्ती लावलेली असली तर ती उचलून बाहेर ठेवत, पुन्हा त्याच जागी येऊन उभे राहत आणि शिंकेची वाट बघत. आली, तर उदबत्ती निर्दोष. मग ती परत आत आणायची आणि आता गादी बाहेर काढायची. एकदा आमच्याकडे पंगत बसलेली असताना त्यांना शिंक आली. पाहुणे हातातली पुरी हातातच धरून थांबले. बऱ्याच तपासानंतर दोषी निघाला तो माझ्या भावाच्या कानातला अत्तराचा फाया. भाऊ बिचारा अंगणात जेवला.

रेवा, ओम, साळवेसाहेब म्हणजे आमच्या श्रीरामपूरच्या घराच्या भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी. रेवा, तुला ते कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या एका कानापुरतेच आठवत असतील. तो कान कोणाचा, असं तू एकदा विचारलंही होतंस. तेव्हा सांगायला सवड नव्हती. आता सांगते.

ते साखर कारखान्यात केमिस्ट होते. निवृत्त होऊन घरी बसले तरी त्यांच्या डोक्यातली प्रयोगशाळा काही बंद झाली नाही. सकाळी फाटकाशी भेटले की नमस्काराच्या जागी विचारत, "काय निरीक्षण?" मी म्हणे, आज उकडतंय. "हवेत बोलू नका, बाई. कालपेक्षा जास्त, की कालच्याएवढंच?" मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, त्यामुळे मी त्यांची बाई. तुमच्या आजोबांना ते नाना म्हणत. आणि त्यांचं एक वाक्य आमच्या साऱ्या गल्लीला पाठ होतं: "एका वेळी एकच बदल."

या वाक्यामागे एक दुखणं होतं. कारखान्यात एका हंगामात साखर पिवळट यायला लागली. सगळे घाबरले. कोणी चुना बदलला, कोणी पाणी बदललं, कोणी गाळणीचं कापड बदललं, सगळं एकाच दिवशी. साखर पांढरी झाली, पेढे वाटले गेले. साहेबांनी पेढा घेतला नाही. "बरी झाली, पण कशानं झाली ते कळलं नाही. म्हणजे ती बरी झालीच नाही," असं ते म्हणत. ती साखर लोकांनी चहात घालून कधीच संपवली होती, तरी साहेबांच्या लेखी तिचा तपास चालूच होता.

त्यांच्या पत्नी सुमनताई अगदी उलट. शांत, हसऱ्या, नेवाशाकडच्या खेड्यात वाढलेल्या. साहेब वरण, भाजी, आमटी वेगवेगळी चाखून कशात मीठ जास्त आहे ते शोधत, तोवर त्या सगळं एकत्र कालवून जेवून उठलेल्या असत. "जिभंला कळलं, पोटाला कळलं, आता यांना कवा कळायचं," असं म्हणून हसायच्या.

तर असा माणूस शेजारी, आणि आमच्या घरी आला कॉम्प्युटर.

तुमचे बाबा दिवाळीत अमेरिकेहून आले तेव्हा तो मांडून गेले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. श्रीरामपुरात तेव्हा घरी कॉम्प्युटर असणं म्हणजे घरी हत्ती असण्यासारखं. लोक मुलांना घेऊन बघायला येत. त्यावर लिंबाएवढा एक कॅमेरा होता, माइक होता, आणि फोनच्या तारेतून इंटरनेट यायचं. येताना ते आधी शिट्ट्या घाली, मग घसा खाकरे, मग खरवडल्यासारखा आवाज करी आणि गप्प होई. गप्प झालं की लागलं म्हणायचं. मग पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठ्या चौकटीत तुम्ही दिसत असा. दिसत असा म्हणजे काय, रेवाचा हात वर गेलेला दिसे, आणि मी पाणी पिऊन येईपर्यंत तो वरच असे.

पण आम्हाला तेवढंही सोन्यासारखं होतं. त्याचं कारण आजोबा. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात गेला आणि बोलणं जड झालं. ओम अमेरिकेत जन्मला तेव्हा विमानात बसणं त्यांच्या नशिबात उरलं नव्हतं. फोनवर बोलायला ते तयार नसत. शब्द जुळायला वेळ लागतो, आणि तोवर पलीकडचं माणूस 'हॅलो, हॅलो' करतं, याची त्यांना लाज वाटे. चेहरा दिसला तर रेवा थांबेल, असं त्यांना वाटत होतं. म्हणून ते आठवडाभर एक वाक्य घोटत: "रेवा, पेरू पिकलेत. कधी येतेस?" अंगणातलं पेरूचं झाड रेवानं अमेरिकेला जायच्या आधी स्वतःचं म्हणून ठरवून ठेवलं होतं ना, त्याची ही बातमी. सोमवारी 'रेवा' नीट येई. शुक्रवारपर्यंत 'पिकलेत' यायचं. आणि रविवारी सकाळी, तुमची शनिवारची रात्र असे तेव्हा, आजोबा कॅमेऱ्यासमोर बसत, 'रेवा, पे' म्हणत, आणि नेमकी तेव्हाच खरखर सुरू होई. चित्र थिजे, आवाज फुटे, आणि सगळं तुटून जाई. उरलेलं वाक्य आजोबा काळ्या पडद्याला सांगत.

असं दोन-तीन रविवार झालं. मग एकदा साळवेसाहेब दारात उभे. "बाई, नानांचं वाक्य अडतंय असं ऐकलं. मी बघू का?"

त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पिवळ्या साखरेनंतर पहिल्यांदाच त्यांच्या तोलामोलाचं काहीतरी बिघडलं होतं.

पुढच्या रविवारपासून आमच्या बैठकीची प्रयोगशाळा झाली. साहेब इस्त्रीचा पांढरा सदरा घालून येत. मला आणि आजोबांना बसायच्या जागा ठरवून देत. पंखा बंद करायचा, घाम पुसायचा नाही, कारण घाम पुसणं हा दुसरा बदल. पहिल्या रविवारी फक्त खिडकी बंद केली. तोवर आजोबा खिडकीला पाठ करून बसत आणि तुम्हाला नुसती सावली दिसे. रेवा म्हणाली होती की आजोबांच्या खुर्चीत कोणीतरी काळा माणूस येऊन बसतो. खिडकी बंद केल्यावर आजोबा काळ्याचे करडे झाले. साहेबांनी मान डोलावली. पुढच्या रविवारी त्यांनी आजोबांची खुर्ची फिरवली आणि दारातून येणारा उजेड तोंडावर घेतला, तर आजोबांची दाढीसुद्धा दिसायला लागली. तुमची आई तिकडून म्हणाली, बाबा, दाढी करा. तिचा तो वाक्यभर आवाज इतका स्वच्छ आला की आम्ही सगळे हसत सुटलो. पण हसण्यात खरखर झाली आणि लाइन गेली.

मग आवाजाची पाळी. आपलंच बोलणं तिकडून परत ऐकू येई, 'हॅलो'चे चार 'हॅलो' होत. साहेबांनी माइक उचलून स्पीकरपासून लांब नेला, मग गोधडीत ठेवला, मग स्टीलच्या डब्यात. डब्यात ठेवल्यावर मी विहिरीत पडून मदत मागतेय असं तुमच्या आईला वाटलं. डबा बाद झाला, गोधडी राहिली. एकदा त्यांनी मला हातातल्या बांगड्या काढायला सांगितल्या. मी म्हटलं, साहेब, बांगड्यांचा इंटरनेटशी काय संबंध. म्हणाले, "तेच बघायचंय. आज एकच काढा."

शेजारच्या गल्लीत राऊतांची पिठाची गिरणी होती. साहेबांचा संशय तिच्या मोटारीवर गेला. रविवारी सकाळी ते गिरणीत जाऊन म्हणाले, थोडा वेळ बंद ठेवा, अमेरिकेशी बोलायचंय. राऊत पिठानं पांढरा झालेला, तसाच कमरेवर हात ठेवून म्हणाला, "साहेब, बाजरी टाकलीया. बाया खोळंबल्यात. अमेरिकेला म्हनावं जरा थांब." पण गल्लीतल्या बायांनाच कुतूहल होतं. त्यांनी डबे खाली ठेवले आणि त्याला गिरणी बंद करायला लावली. मग त्या सगळ्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. गिरणी बंद, पंखा बंद, गोधडीत माइक, तोंडावर उजेड, एक बांगडी कमी. आजोबा म्हणाले, "रेवा, पेरू." आणि खरखर आली.

आजोबांनी डोळे मिटले. साहेब त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले. "नाना, गिरणी निर्दोष. आपण पुढं आलोय." आजोबांना हसू आलं. मला त्या क्षणी साहेबांचा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू. दर रविवारी हरायचं आणि दर रविवारी पांढरा सदरा घालून यायचं, हे सोपं नव्हे.

मग तुमच्या बाबांची ई-मेल आली. तोवर साहेब ती उघडायला मला मदत करू लागले होते, म्हणजे मी उघडत असे आणि ते शेजारी श्वास रोखून उभे राहत. मी मोठ्यानं वाचलं. बाबांनी विचारलं होतं की याच लाइनवर दुसरीकडे कुठे फोन जोडलेला आहे का. असला, आणि मधेच कोणी त्याचा रिसिव्हर उचलला, तर इंटरनेटमध्ये खरखर येते आणि ते तुटतं. रविवारी तेवढा तो फोन काढून ठेवा.

मी वाचता वाचता थांबले. कारण असा फोन होता, आणि तो साहेबांच्या घरात होता.

त्या काळी फोन मिळायला फार वाट बघावी लागे. साहेबांचा नंबर लागेना, म्हणून आम्हीच आमच्या लाइनवरून भिंतीला भोक पाडून त्यांच्याकडे एक पॅरलल फोन दिला होता. घंटी दोन्ही घरांत वाजे. फोन त्यांचा असला की मी भिंतीवर थाप मारी. मग मी ठेवी आणि ते उचलत. ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली होती की ती आमच्यापैकी कोणाच्या लक्षातच आली नाही. साहेबांनी आमच्या घरातली प्रत्येक वस्तू तपासली होती, माझ्या बांगडीसकट. भिंतीपलीकडे ते गेलेच नव्हते.

"हं," साहेब म्हणाले. मग त्यांच्या पद्धतीप्रमाणे म्हणाले, "खात्री केल्याशिवाय बोलायचं नाही. तुम्ही लावा, बाई. बाकी काही बदलू नका." आणि ते घरी गेले.

मी इंटरनेट लावलं. शिट्ट्या झाल्या, खाकरणं झालं, शांत झालं. थोड्या वेळानं खरखर आली आणि तुटलं. मी पुन्हा लावलं, पुन्हा तसंच. बराच वेळ साहेब परत आले नाहीत. आले ते दारातच उभे राहिले. सदऱ्याची वरची गुंडी उघडी होती, हेही मी पहिल्यांदाच पाहत होते.

"तुमचं सगळं ठीक आहे, बाई," ते म्हणाले. "दोष माझ्या घरात आहे."

सुमनताई रिसिव्हर उचलत होत्या. त्यांनी कोणाला फोन करायचा नसे. त्या नुसत्या उचलून कानाला लावत, आवाज आहे का ऐकत आणि ठेवून देत. तेव्हा फोन वारंवार मरत असत, त्यामुळे असं उचलून बघायची सवय घराघरांत होती. पण सुमनताईंचं कारण वेगळं होतं. त्यांचा मुलगा मिलिंद सुरतेला नोकरीला होता. तो दर रविवारी सकाळी फोन करायचा. मग त्यानं तिकडेच लग्न केलं आणि घरी नंतर कळवलं. त्या दिवशी फोन साहेबांनी घेतला होता. तेव्हा मी भिंतीच्या अलीकडे होते. साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "हे असं का केलंस?" आणि उत्तर ऐकायच्या आधी फोन ठेवून दिला. त्यानंतर मिलिंदचा फोन आला नव्हता. सुमनताईंना वाटे, फोनच बिघडतो, म्हणून त्याचा लागत नाही.

"मी विचारलं तिला," साहेब म्हणाले. "तर म्हणाली, 'चालू हाय का बघत हुते. आतून कायतरी किंचाळतंय. बिघाड हाय, तुमी त्या बाईंचं नीट करता तर आपलं बी करा.'"

मी म्हटलं, साहेब, त्यात काय, रविवारी तेवढा वेळ वायर काढून ठेवू.

"मग ती उचलेल, आणि फोन मेलेला असेल."

मी शिक्षिका. मला गप्प राहवलं नाही. मी समजावलं की आम्ही इंटरनेटवर असताना लाइन तशीही गुंतलेलीच असते. त्या वेळात सुरतेचा फोन लागणारच नाही. वायर असली काय आणि नसली काय.

"हे तुम्हाला कळतं," ते म्हणाले. "मला कळतं."

मग मी म्हटलं की आम्ही आमची वेळ बदलतो. मिलिंदची सकाळ मोकळी सोडतो. साहेबांनी मान हलवली. "ती दिवसभर उचलते, बाई. मी घरात असायचो, पण मला दिसलं नाही. आणि नानांचं वाक्य आता अडता कामा नये." मग म्हणाले, "बघतो. एक बदल करून बघतो."

काय बदल, ते सांगितलं नाही.

रविवार उजाडला. मी खिडकी लावली, खुर्ची फिरवली, गोधडी ठेवली. आजोबा दाढी करून बसले होते. साहेबांची वाट पाहिली. ते आले नाहीत. ओट्यावर बाया जमल्या, त्यांच्यात राऊतही आला. गिरणी त्यानं आपणहून बंद केली होती. अखेर मी एकटीनंच लावलं. शिट्ट्या, खाकरणं, शांतता. चौकट उजळली. रेवा, तू आईच्या मांडीवर होतीस आणि तुझ्या मांडीवर ओम. ओमनं तोंड उघडलं, आणि त्याचे खालचे दोन दात आम्हाला दिसले. राऊत मागून ओरडला, "दात हायेत की वो पोराला," जणू ती गोष्ट आजवर आम्ही लपवूनच ठेवली होती.

आजोबांनी डावा हात गुडघ्यावर घट्ट धरला. "रेवा," ते म्हणाले. खरखर आली नाही. "पेरू." बाया श्वास रोखून होत्या. "पिकलेत." मी पडद्याकडे बघत नव्हते, त्यांच्या ओठांकडे बघत होते. "कधी... येतेस?"

मग ती नेहमीची लांब पोकळी, आवाज समुद्र ओलांडतो तेवढी. तू थांबलीस, रेवा. 'हॅलो, हॅलो' केलं नाहीस. आणि तुझं उत्तर आलं, घंटेसारखं: "आजोबा, खारीला देऊ नका, मी येतेय."

आमच्या बैठकीत काय झालं ते मला धड सांगता येणार नाही. बाया टाळ्या वाजवत होत्या. आजोबा हसत होते आणि अर्धा चेहरा साथ देत नव्हता तरी त्यांना त्याची फिकीर नव्हती. पुढे ते आणखी बोलले, न घोटलेलं, मनात येईल ते, कितीतरी वेळ. ओमला त्यांनी जीभ काढून दाखवली. एकदाही तुटलं नाही. शेवटी ओम रडायला लागला म्हणून तुम्ही बंद केलंत.

मी चप्पल न घालता शेजारी धावले. हे साहेबांना सांगायचं नाही तर कोणाला सांगायचं. दार उघडंच होतं.

आत सुमनताई फोनजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांचे दोन्ही हात समोर पसरलेले होते, आणि त्या हातांवर लोकरीची भलीमोठी लडी चढवलेली होती, मरून रंगाची. समोर जमिनीवर मांडी घालून साहेब त्या लोकरीचा गुंडा करत होते. मी आयुष्यात कोणाला इतक्या हळू लोकर गुंडाळताना पाहिलेलं नाही. आणि ते बोलत होते. कारखान्याच्या वसाहतीतलं त्यांचं पहिलं घर, मिलिंदनं मळीच्या टाकीत टाकलेली चप्पल, असलं काहीबाही. मी दिसले तेव्हा सुमनताई हसून म्हणाल्या, "बगा की बाई, आज यांना काय झालंय. सकाळधरनं मला हलू देईनात. मिल्याचा स्वेटर करायचा म्हणत्यात. लई बोलायला लागल्यात."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. गुंडा फिरवणं थांबवलं नाही.

"आवाज?"

"एकदाही फुटला नाही."

"चित्र?"

"ओमचे दात दिसले."

"नाना?"

"सगळं वाक्य बोलले. त्याच्या पुढचंही बोलले."

त्यांचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा फिरू लागला. इतके रविवार ज्याच्यासाठी घालवले ते त्यांनी पाहिलं नव्हतं आणि ऐकलंही नव्हतं. मी तिथंच बसले.

लडी संपली. सुमनताईंनी हात झटकले, आणि ते झटकलेले हात तसेच रिसिव्हरकडे गेले. उचलला, कानाला लावला, ऐकलं. "चालू हाय," त्या म्हणाल्या आणि समाधानानं ठेवून दिला. मग माझ्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.

साहेबांनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं. मग तो गुंडा उचलला, लोकरीचं टोक खुर्चीच्या पाठीला बांधलं आणि पुढच्या रविवारसाठी पुन्हा लडी करायला घेतली. खुर्ची डुगडुगत होती. मी ती धरून उभी राहिले.